विटलेली फीत समोरून वाचू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सातारा जिल्ह्यातील एका माजी सैनिकाच्या घरी जपून ठेवलेल्या जर्मन पदकपट्टीचे रंगीत छायाचित्र छापून आले आहे आणि त्याखाली ‘हिटलरच्या अधिकाऱ्याची शौर्यपदके’ अशी ओळ दिली आहे. सोबतच्या मजकुरात पट्टीवरील चार फितींपैकी पहिली तपकिरी फीत जर्मनीच्या पश्चिम सीमेवरील तटबंदीच्या पदकाची, म्हणजे ‘वेस्ट वॉल’ पदकाची, दुसरी राखी फीत अज्ञात, तिसरी हिंडेनबुर्ग क्रॉसची आणि चौथी निळसर फीत ‘बहुधा नौदलाची’ असल्याचे म्हटले आहे. यांतली तिसरी ओळख बरोबर आहे आणि ती बरोबर येण्याचे कारण उघड आहे. चार पदकांपैकी तेवढे एकच अजून आपल्या फितीला लोंबते आहे. बाकीच्या तीन फितींच्या खाली नुसत्या कड्या उरल्या आहेत आणि तेथे लेखकाने समोर दिसणाऱ्या रंगावर विसंबून अंदाज बांधला आहे.

मी पदकांचा व्यापारी नाही आणि लष्करी इतिहासाचा अभ्यासकही नाही. मुंबईच्या एका गिरणीच्या डाइंग खात्यात माझी बत्तीस वर्षे गेली. त्यातली निम्मी रंग चढवण्यात आणि निम्मी चढलेला रंग का उतरला याची उत्तरे देण्यात गेली. हीच पट्टी मी तीन वर्षांपूर्वी हातात घेऊन पाहिली आहे. घरच्या मंडळींनी मला बोलावले होते ते फिती पूर्वीसारख्या रंगवून मिळतील का, हे विचारायला. तसे करू नये असे मी त्यांना सांगितले, पण त्या निमित्ताने एक अख्खी दुपार ती पट्टी मला न्याहाळता आली. त्यानंतर जर्मन फितींविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मुळात जर्मन पट्टीत फितीला इतके महत्त्व का, हे आधी सांगितले पाहिजे. १८७१ साली उभे राहिलेले जर्मन साम्राज्य म्हणजे चार राजे, सहा महाड्यूक, पाच ड्यूक, सात लहान संस्थानिक आणि हाम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक ही तीन स्वतंत्र शहरे मिळून झालेला संघ होता. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, फलटण, औंध अशी संस्थाने नांदत होती, तसाच काहीसा तो प्रकार समजावा. फरक इतकाच की तेथील बहुतेक प्रत्येक दरबार पहिल्या महायुद्धात स्वतःचे वेगळे युद्धपदक देत होता. त्यातली अनेक पदके आकाराने एकमेकांची भावंडे वाटावीत अशी होती. कोण कुठला, हे लांबून ओळखू येई ते फितीवरून. सैनिकाला मिळालेली सगळी पदके एका धातूच्या पट्टीवर ओळीने शिवली जात. फीत वर घडी घालून मागे नेलेली असे, मागे लोकरी कापडाचे अस्तर आणि छातीवर टोचण्यासाठी पिन असे. पदक गळून पडले तरी फीत शिवलेलीच राहते, म्हणून शंभर वर्षांनी आपल्या हाती अनेकदा फीतच येते, आणि तीही विटलेली.

फिती विटतात त्या सरसकट फिक्या होत नाहीत, आणि नेमकी इथेच फसगत होते. प्रत्येक रंग आपल्या वाटेने जातो. पांढरे रेशीम पिवळट पडते. फिका निळा राखाडी होतो. तांबडा विटकरी होतो, मग बदामी. पिवळा चुपचाप निघून जातो आणि मागे सायीचा रंग ठेवतो. काळा हा तर सर्वांत लबाड रंग आहे, कारण लोक त्याला पक्का समजतात. लॉगवुडच्या लाकडाचा अर्क आणि लोहाचा क्षार यांनी रंगवलेले काळे रेशीम उन्हाने आणि वयाने तपकिरी होते. अ‍ॅनिलीन ब्लॅक या कृत्रिम काळ्या रंगावर हिरवट झाक चढते, हे छत्रीचे जुने कापड पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असेल. लोह असलेल्या काळ्यात धागाही कुजतो, त्यामुळे जुन्या फिती पुष्कळदा काळ्या पट्ट्यातच उभ्या चिरलेल्या आढळतात आणि शेजारचा पांढरा पट्टा धडधाकट असतो. ज्या जर्मनीने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणून आपल्याकडच्या निळीच्या शेतीचे कंबरडे मोडले, त्याच देशाच्या पदकफितींचा रंग टिकू नये, याची मला त्या दुपारी गंमत वाटली होती. पण त्यात नवल काही नाही. सणासुदीच्या रेशमी फितीला झळाळी हवी असते, आणि झळाळीचे सगळेच रंग टिकाऊ नसतात. पुढे पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे रेशमाचा तुटवडा पडला, तेव्हा सुती आणि कृत्रिम रेशमाच्या फिती आल्या. त्यांची विटण्याची रीत आणखी निराळी.

म्हणून विटलेल्या फितीकडे पाहताना रंग कोणता हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी तिच्याकडे साडीकडे पाहावे तसे पाहावे. अंग कोणते, काठ कोणता, काठाला लागून आणखी एखादी बारीक कड आहे का, पट्टे सारख्या रुंदीचे आहेत की कमीजास्त? रंग बदलतो, पण ताण्यात किती धागे कोणत्या रंगाचे लावले हे बदलत नाही. पट्ट्यांची मांडणी विणतानाच कायम झालेली असते.

आता आपल्या पहिल्या फितीकडे येऊ. तिचे अंग तपकिरी, दोन्ही काठांशी एकेक सायीच्या रंगाचा पट्टा आणि त्या पट्ट्याबाहेर पुन्हा तपकिरी बारीक कड. आपल्या लेखकाला ही वेस्ट वॉल पदकाची फीत वाटली, आणि त्यांना फार दोष देता येणार नाही, कारण ऑगस्ट १९३९ मध्ये सुरू झालेल्या त्या पदकाची फीत खरोखरच सोनेरी तपकिरी आणि काठांशी पांढरे पट्टे असलेली आहे. परंतु याच मांडणीत तपकिरीच्या जागी काळा घातला की १९१४ च्या आयर्न क्रॉसच्या दुसऱ्या वर्गाची, लढणाऱ्या सैनिकाला मिळणारी फीत तयार होते. हा क्रॉस प्रशिया या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८१३ साली ब्रेस्लाउ येथे प्रथम सुरू केला आणि पहिल्या महायुद्धात त्याचा दुसरा वर्ग पन्नास लाखांहून अधिक जणांना दिला गेला. साहजिकच त्या पिढीच्या जर्मन पट्टीवर पहिला मान बहुधा त्याचाच असतो. वेस्ट वॉलचे पदक हिंडेनबुर्ग क्रॉसच्या आधी, पट्टीच्या अग्रस्थानी लावले जाणे संभवत नाही. नुसत्या क्रमानेच ती ओळख संशयास्पद ठरते.

क्रमावरून झालेला तर्क मला पुरेसा वाटला नाही, म्हणून मी पट्टी उलटी केली. माझे खरे सांगणे हेच आहे. विटलेल्या फितीचे उत्तर तिच्या पाठीशी असते. ज्या भागावर कधी ऊन पडले नाही, तो भाग फितीने स्वतःच घडीत जपून ठेवलेला असतो. अस्तराच्या खाली, कडीतून वळलेल्या घडीच्या आत, शेजारच्या फितीखाली दडलेल्या कडेला तो सापडतो. या पट्टीच्या अस्तराचा एक कोपरा आपोआप उसवलेला होता. तेथून एक छोटा विजेरीचा झोत आणि दंतवैद्याकडे असतो तसला काडीचा आरसा आत नेला तेव्हा पहिल्या फितीची मागची बाजू दिसली. ती काळी होती. बाहेरून गुळाच्या पाकासारखा दिसणारा पट्टा आत कोळशासारखा काळा. शेजारचा सायीचा पट्टाही आत कितीतरी पांढरा होता. वेस्ट वॉलचा प्रश्न तेथेच मिटला. (अस्तर उसवलेले नसेल तर मुद्दाम उसवू नये. मूळ टाके हेही पट्टीच्या खरेपणाचे पुरावे असतात, आणि बरेचदा कडीपाशी फितीची घडी अलगद उघडून पाहिले तरी काम भागते.)

दुसरी फीत माझ्या दृष्टीने सर्वांत रंजक, आणि लेखात नेमकी तीच अज्ञात म्हणून सोडली आहे. समोरून ती राखी, काठांशी मातकट बदामी. या मांडणीची दोन पदके लगेच पुढे येतात. ओल्डेनबुर्गच्या महाड्यूकचा १९१४ चा फ्रीडरिश आउगुस्ट क्रॉस हे एक. त्याची फीत गडद निळी, काठ बारीक तांबडे. हेसे संस्थानचे शौर्यपदक हे दुसरे. तेही निळे आणि काठांशी तांबडे, पण निळा आकाशी. नव्या फिती शेजारी ठेवल्या तर लहान मूलही त्यांत फरक करील. वर्षानुवर्षे उजेडात राहिलेल्या फितीत मात्र गडद निळा फिकटतो, आकाशी राखाडतो, आणि दोघे मध्ये कुठे तरी एकमेकांना भेटतात. शिवाय खोलीत ट्यूबलाइट असेल तर डोळा आणखी फसतो. गिरणीत शेड पास करायची झाली की आम्ही नमुना नेहमी उत्तरेच्या खिडकीत नेत असू, कारण दिव्याखाली जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात फारकत घेतात, हे रोजच्या अनुभवातले होते. त्या घरी उत्तरेला खिडकी नव्हती, गोठ्याचे दार होते. त्या दारात उभे राहून कडीतली घडी उलगडली, तर आत करंगळीच्या नखाएवढा आकाशी तुकडा होता. श्रावणात पावसाने क्षणभर उघडीप दिल्यावर दिसतो तसा. त्याच्या कडेला तांबडा, अगदी कुंकवासारखा. म्हणजे हेसे. हे पदक हेसेच्या तुकड्यांत काम केलेल्यांना मिळे, त्यामुळे माणूस हेसेची राजधानी दार्मश्टाटचाच होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण त्याच्या सैनिकी आयुष्याची नाळ त्या संस्थानाशी होती एवढे नक्की.

येथे जुन्या छायाचित्रांचा आधार घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरीचा शब्द. पहिल्या महायुद्धाच्या काळातील बहुतेक छायाचित्रे ज्या काचा आणि फिल्म यांच्यावर काढली गेली, त्यांना तांबडा प्रकाश दिसतच नसे आणि निळा प्रकाश मात्र प्रमाणाबाहेर दिसे. परिणामी अशा कृष्णधवल चित्रात तांबडा काठ काळा येतो, आकाशी अंग जवळजवळ पांढरे येते आणि पिवळा अपेक्षेपेक्षा गडद. हेसेची फीत त्या चित्रात पांढरी आणि काळ्या काठांची दिसेल, आणि पाहणारा ती बिगरलढाऊ आयर्न क्रॉसची समजून मोकळा होईल, कारण ती फीत खरोखरच पांढरी आणि काठांशी काळे पट्टे असलेली असते. बव्हेरियाच्या लष्करी गुणवत्ता क्रॉसच्या फितीचाही हाच घोळ होतो. तीही पांढरी, काठांशी काळा आणि फिका निळा पट्टा असलेली, आणि निळा विटून गेला की उरतो तो काळा-पांढराच. उलट १९३९ च्या आयर्न क्रॉसच्या फितीतला मधला रुंद तांबडा पट्टा बदामी झाला तर तीसुद्धा याच गर्दीत सामील होते. तेव्हा अगदी बाहेरची कड पाहावी. १९३९ च्या फितीत ती काळी असते, १९१४ च्या बिगरलढाऊ फितीत पांढरी. एवढ्याशा कडेवर पंचवीस वर्षांचे अंतर उभे आहे.

मोबाइलवर काढलेले छायाचित्रही उपयोगी पडते, पण निराळ्या रीतीने. चित्र संपादनाच्या साध्या अ‍ॅपमध्ये फक्त निळ्या प्रकाशाचा थर वेगळा करून पाहिला, तर डोळ्याला पांढराच भासणारा पण मुळात पिवळा असलेला पट्टा काळसर उमटतो. सॅक्सनीच्या सेंट हाइनरिश ऑर्डरची फीत आकाशी आणि पिवळ्या काठांची असते आणि विटल्यावर तिचे काठ अंगातच विरघळून गेल्यासारखे वाटतात. अशा फितीचे काठ या युक्तीने पुन्हा दिसू लागतात. मात्र जुने पांढरे रेशीम स्वतःच पिवळे पडलेले असते, त्यामुळे या युक्तीवर एकटीवर भिस्त ठेवू नये.

तिसऱ्या फितीबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. मध्ये तांबडा, दोन्ही बाजूंना काळे-पांढरे पट्टे, खाली तलवारींचा लोखंडी क्रॉस. हा पहिल्या महायुद्धाचा सन्मान क्रॉस १३ जुलै १९३४ रोजी, जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या मृत्यूच्या तीन आठवडे आधी सुरू झाला आणि लाखो माजी सैनिकांना देण्यात आला. तलवारी म्हणजे माणूस आघाडीवर लढलेला. त्याचा उपयोग आपल्याला इतकाच की ही पट्टी १९३४ पूर्वी शिवलेली असू शकत नाही.

ती तारीख चौथी फीत आणखी पुढे ढकलते. ती एकरंगी निळी आहे, आणि एकरंगी निळ्या फिती जर्मनीत थोड्या नव्हत्या. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातली प्रशियाची दीर्घसेवेची पदके निळ्या फितीवर असत, प्रशियाच्या राजमुकुट ऑर्डरची फीतही निळीच. नौदलाशी त्या रंगाचा तेवढ्यावरून संबंध लावता येत नाही. ही फीत तिरपी धरून पाहिली तेव्हा तिच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी एक गडद आकृती दिसली, पंख पसरलेल्या गरुडाची. आकृतीच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे होती. भिंतीवरचे कॅलेंडर काढल्यावर मागे जसा जुन्या रंगाचा चौकोन राहतो, तसाच येथे गरुड राहिला होता. कित्येक वर्षे धातूचा गरुड फितीवर बसलेला असल्याने त्याच्याखालचा रंग वाचला, नंतर गरुड निघाला आणि त्याची पडछाया उरली. निळ्या फितीवर असा गरुड लावला जाई तो वेरमाख्टच्या, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याच्या दीर्घसेवा पदकावर. ते १६ मार्च १९३६ रोजी सुरू झाले आणि ४, १२, १८, २५ वर्षांच्या सेवेसाठी त्याचे वेगवेगळे वर्ग होते, पुढे ४० वर्षांसाठीही. गरुड रुपेरी होता की सोनेरी, हे कळले असते तर वर्ग सांगण्याच्या जवळ जाता आले असते. पडछायेला रंग नसतो.

एवढ्यावरून जो माणूस उभा राहतो तो आपल्या ओळीतल्या माणसापेक्षा वेगळा आहे. त्याने शौर्याची म्हणून जी पदके मिळवली ती कैसरच्या आणि हेसेच्या महाड्यूकच्या काळातली. हिटलरच्या राजवटीत त्याला मिळाले ते जुन्या युद्धाच्या आठवणीचे एक आणि नोकरीच्या वर्षांचे एक. तो हिटलरच्या सैन्यात होता हे खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण तो अधिकारी होता असे या चार फितींतली एकही फीत म्हणत नाही, कारण ही चारही पदके साध्या शिपायालाही मिळत. ‘नाझी’ हा शब्द लावला की जुन्या बाजारात वस्तूचा भाव चढतो, हे मला माहीत आहे. वर्तमानपत्राने त्या भावाला हातभार लावू नये, असे मला वाटते.

पट्टी खरी कशावरून, असाही प्रश्न काही वाचक विचारतील, आणि तो रास्त आहे, कारण सुट्या फिती जुळवून नव्या पट्ट्या शिवणारे कारागीर युरोपात पुष्कळ आहेत. घरच्यांच्या सांगण्यानुसार त्यांचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि इटलीत, ज्या सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला त्या बाजूच्या एका ओस पडलेल्या शेतघरात त्यांना ही पट्टी सापडली. मी माझ्यापुरती एक चाचणी केली. नोटा तपासण्यासाठी दुकानदार ठेवतात तो जांभळा दिवा अंधाऱ्या खोलीत पट्टीवर धरला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कृत्रिम धाग्यांत आणि पांढऱ्या सुतात उजळकाची रसायने असतात, ती अशा दिव्याखाली टिनोपॉल घातलेल्या सदऱ्यासारखी निळी-पांढरी पेटतात. चारही फिती अंधाऱ्याच राहिल्या. फक्त दुसऱ्या फितीच्या मागे एक टाका लखलखला. सगळ्यांचे चेहरे उतरले, तेव्हा घरातल्या वयस्कर बाई म्हणाल्या की फीत सुटायला आली होती म्हणून तो टाका त्यांनीच पोलक्याच्या दोऱ्याने घातला आहे. मी तो टाका तसाच ठेवायला सांगितला. येथे हेही नमूद करतो की अशी फीत साबणाच्या पावडरने एकदा जरी धुतली, तरी ही चाचणी कायमची निकामी होते, कारण पावडरीतली उजळके अस्सल जुन्या धाग्यावरही चढून बसतात.

छायाचित्रात पट्टी बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, खिडकीसमोर ठेवलेली दिसते. तीन वर्षांपूर्वी ती लोखंडी ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात होती आणि तेच बरे होते. संग्रहालयांत असे कापड साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे माप) अधिक उजेडात ठेवत नाहीत, आणि आपल्या खिडकीतला दुपारचा उजेड त्याच्या कित्येक पट असतो. उजेडाने गेलेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्या कुटुंबाला मी स्वतः फोन केला आहे, पण छापून आलेल्या कौतुकाच्या भरात माझे म्हणणे त्यांना पटलेले दिसत नाही. आपल्या वार्ताहरांनी सांगितले तर ते ऐकतील.

शेवटी विनंती एवढीच की ही पट्टी पुन्हा छापण्याचा प्रसंग आला, तर छायाचित्रकाराला तिची मागची बाजूही टिपण्यास सांगावे, खिडकीच्या उजेडात आणि फ्लॅश न वापरता. अस्तराचा उसवलेला कोपरा डावीकडे खाली आहे.

आपला,
एक निवृत्त डाइंग मास्टर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)